घर पाहायचे तर जुलैत पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबई-पुण्याची बरीच कुटुंबे हल्ली महाबळेश्वरला सुट्टीपुरते नव्हे, तर कायमचे राहायला यायचा विचार करतात. नोकरी घरून करता येते, मुलांना मोकळी हवा मिळेल, आई-वडिलांना उन्हाळा सुसह्य होईल, ही कारणे खरीच आहेत. चुकते ती घर पाहण्याची वेळ. मे महिन्यात नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत वेण्णा तलावाकाठी फेरफटका मारायचा, संध्याकाळच्या गारव्यात घर पसंत करायचे आणि इसार देऊन परतायचे, असे चालते. ज्यांच्या मनात हा विचार आहे त्यांनी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात चार दिवस इथे राहावे आणि मगच व्यवहाराचे बोलणे काढावे, एवढ्यासाठी हे पत्र.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्यात तो सातशेच्या आसपास असतो. इथला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जुलै २०२१ मध्ये एकाच दिवसात ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या, साधारण अकराशे चौरस फुटांच्या छपरावर त्या एका दिवसात ५९ हजार लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे जवळपास सहा टँकर! घराचे छप्पर, पन्हळी आणि भोवतालची गटारे हे पाणी वाहून नेतील का, हा पहिला प्रश्न. खिडकीतून तलाव दिसतो का, हे नंतर.

सपाट स्लॅबचे घर इथे घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वॉटरप्रूफिंग कितीही चांगले केले तरी चार महिने ओला राहणारा स्लॅब कुठे ना कुठे झिरपतोच, आणि आतली सळई गंजू लागली की सिमेंटचे पोपडे पडू लागतात. स्लॅब असलाच, तर त्यावर चांगल्या उताराचे पत्र्याचे छप्पर हवे. पत्रा असला तर शिडी मागवून वर चढा, किंवा माहितगार माणसाला चढवा. गळतीचे मूळ बहुधा स्क्रूखालच्या रबरी वॉशरमध्ये असते. उन्हाने तो वॉशर कडक होतो, त्याला बारीक चिरा पडतात आणि वाऱ्याने पत्रा हलला की स्क्रूच्या कडेने पाणी आत उतरते. वॉशर नखाने दाबून पाहावा. दबला तर ठीक, तुकडा निघाला तर त्या छपराचे सगळे वॉशर बदलायचे आहेत असे धरून चाला. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेले असावेत. पन्हळीसारख्या खोलगट भागात मारलेला स्क्रू आज ना उद्या गळणारच. पन्हळीला उतरती नळी एकच असेल तर ती पानांनी तुंबते आणि पाणी मागे वळून भिंतीत शिरते. दोन नळ्या तरी हव्यात.

पाऊस इथे सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि येतो तो नैर्ऋत्य-पश्चिमेकडून. म्हणून जुन्या वस्तीत पावसाळ्याआधी त्या बाजूच्या भिंतींना गवताची झडी, म्हणजे आडोसा, बांधायची रीत होती. आता गवताच्या जागी प्लास्टिकचा कागद किंवा पत्रा आला आहे. नवे बंगले बांधताना नेमका याच रिवाजाचा विसर पडतो. दृश्यासाठी पश्चिमेला मोठमोठ्या काचा लावतात, वळचण फूटभरच ठेवतात आणि पहिल्याच पावसात चौकटीच्या खालून पाणी दिवाणखान्यात येते. वळचण तीन फूट तरी हवी आणि पश्चिमेची भिंत वर्षातले चार महिने झाकायची तयारी हवी.

यानंतर ओल. ढग खोलीत येतात, हे मेमधल्या पर्यटकाला कौतुकाचे वाटते. जुलैत तेच ढग कपाटात मुक्काम करतात. चामड्याच्या चपला, पट्टे, पुस्तकांच्या पाठी आणि लाकडी फर्निचरची मागची बाजू यांवर आठवडाभरात पांढरी बुरशी धरते. मीठ ओघळते, काडेपेटी पेटत नाही, कॅमेऱ्याच्या भिंगातही बुरशी शिरते. भुशाच्या बोर्डाचे तयार फर्निचर आणू नका, ते कडेने फुगते. उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचे किंवा सरळ लोखंडी कपाट घ्या आणि भिंतीपासून चार इंच पुढे ठेवा. हवेतील ओल ओढणारे यंत्र घ्यायचे, तर त्यावर लिहिलेले लिटर बहुतेक वेळा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेचे असतात, हे लक्षात घ्या. इथे पावसाळ्यात तापमान १८-२० अंशांवर असते, त्यामुळे तेच यंत्र बरेच कमी पाणी ओढते. सगळे घर कोरडे करण्याच्या फंदात न पडता एकच खोली निवडावी, तिची दारे-खिडक्या घट्ट बसवाव्यात आणि कपडे वाळवणे, कागदपत्रे, अंथरूण-पांघरूण यांची सोय तिथे करावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ऊब आणायला आणि कपडे वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझरही लावू नका. दोन्हींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही. गॅसचा गीझरच बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. सौर बंबाच्या भरवशावर तर जून ते सप्टेंबर राहताच येत नाही.

एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणी जपूनच वापरावे लागते, हे नव्या माणसाला पटत नाही. जांभा दगड पाणी पितो तसे सोडूनही देतो, ते झऱ्यांतून दऱ्यांत उतरते. १८४२ मध्ये साताऱ्याच्या महाराजांनी बांधलेला वेण्णा तलाव आजही महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांची तहान भागवतो, आणि भर मागणीच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्येच, पर्यटकांची गर्दीही असते. चार माणसांच्या कुटुंबाला माणशी १३५ लिटर धरले तर रोज ५४० लिटर लागतात, साठ दिवसांचे ३२ हजार लिटर होतात. एवढी टाकी बांधणे जमत नसेल तर दहा हजार लिटरची तरी हवी. ती अठरा दिवस पुरते आणि तेवढ्यात टँकरची सोय होते. शौचखड्डा विहिरीच्या किंवा झऱ्याच्या वरच्या अंगाला नाही ना, हे स्वतः पाहा. जांभ्यातून मैला फार लांब झिरपतो. पिण्याचे पाणी बारा महिने उकळून घ्यावे.

जमिनीच्या कागदांत सर्वात जास्त फसवणूक होते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला आहे. शेती, बागायत अशा हरित वापराची जमीन मोजके अपवाद वगळता दुसऱ्या वापरासाठी बदलता येत नाही आणि तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. मुळात महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय विकतच घेता येत नाही. तरीही स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांचे तुकडे ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून दाखवले जातात. एकाच सातबाऱ्यावर दहा-बारा नावे लागतात, पण हद्दीची मोजणी नसते, रस्ता नसतो आणि बांधकामाची परवानगीही नसते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक आहे की दोन (वर्ग दोनची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही), ‘इतर हक्कां’त कुळाचा किंवा वनखात्याचा शेरा आहे का, हे आधी वाचा. गावातल्या जुन्या बंगल्यांपैकी काही मिळकती सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत. अशा मिळकतीत मालकी सरकारची असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. मालमत्ता पत्रकावर ‘सत्ताप्रकार’ या रकान्यात हे कळते. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा नव्हे. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या, आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नको.

म्हणून आधी एक वर्ष भाड्याने राहावे. इथेही एक खाच आहे. अकरा महिन्यांचा करार १ जूनला सुरू केला तर तो ३० एप्रिलला संपतो, म्हणजे नेमका सीझन भरात येताना. मालकाला मेमध्ये तीच खोली दिवसाच्या भाड्याने देता येते, त्यामुळे तो करार वाढवत नाही आणि कुटुंब रस्त्यावर येते. करार दोन वर्षांचा करा. एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळ या दिवसांत घर रिकामे करून मागणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. करार नोंदणीकृत हवाच. कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे.

शाळेची काळजी लहान मुलांपुरती तरी कमी आहे. पाचगणी हे निवासी शाळांचेच गाव, फक्त रोज ये-जा करणाऱ्या मुलांना त्यांपैकी कोण घेते हे आधी विचारावे. अकरावी-बारावी विज्ञानाच्या शिकवण्यांसाठी मात्र वाई किंवा सातारा गाठावे लागते. दवाखान्याचे तसे नाही. साधे आजार गावात निभावतात, पण छातीत कळ आली किंवा बाळंतपण अडले तर वाई सुमारे ३२ किलोमीटर आणि सातारा पन्नासहून अधिक, तेही घाटाने. पावसाळ्यात पसरणीच्या घाटात धुके असते, केळघरच्या घाटात दरडी येतात, आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट बंद पडल्याचे आपण वारंवार वाचतो. सीझनच्या शनिवार-रविवारी तलावाजवळच वाहने तासन्‌तास अडकतात आणि रुग्णवाहिकेलाही वाट मिळत नाही. घरात हृदयरोगी किंवा डायलिसिसवरचा माणूस असेल तर वाईत घर घ्यावे आणि महाबळेश्वरला फिरायला यावे. दम्याच्या रुग्णालाही इथला पावसाळा मानवेल असे धरून चालू नये, बुरशीने त्रास वाढतो.

जुलैत घर पाहायला याल तेव्हा मालकाला आधी कळवू नका, नाहीतर दोन दिवस शेगडी पेटवून खोल्या सुकवलेल्या असतात. बंद बेडरूम उघडून आधी वास घ्या. कपाट पुढे ओढून मागची भिंत हाताने चाचपा. बिजागऱ्यांवरचा गंज आणि छताच्या कोपऱ्यातले काळे डाग पाहा. नवा रंग फक्त पश्चिमेच्याच भिंतीला दिलेला असेल तर का, ते विचारा. विजेची बारा महिन्यांची बिले मागा. आणि शेजारच्या घरी जाऊन विचारा, गेल्या पावसाळ्यात झाड पडून वीज किती दिवस नव्हती.

आपला,
एक वाचक,
महाबळेश्वर, जि. सातारा