गिअरबॉक्स बदला म्हणण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्व्हिस सेंटरने गाडीतला फॉल्ट कसा शोधला, कोणत्या वायरवर किती व्होल्ट मिळाले, हे गिऱ्हाइकाला लिहून देण्याची सक्ती व्हावी, या मागणीसाठी हे पत्र.

मी एमटीएनएलमध्ये फॉल्ट काढण्याच्या कामावर होते. २०२० च्या जानेवारीत इतर हजारोंबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्या पैशांतून मुलाला एक जुनी ऑटोमॅटिक व्हॅन घेऊन दिली. टाटा आणि केईएमला बाहेरगावाहून येणाऱ्या पेशंटची ने-आण तो करतो. ऑक्टोबरच्या उन्हात ही व्हॅन तिसऱ्या गिअरवर अडकू लागली. सिग्नल सुटला की जागची उठायला तयार नाही, लालबागच्या पुलावर चढताना मागच्यांचे हॉर्न, डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा गायब आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. चावी बंद करून थोडा वेळ गाडी उभी ठेवली की सगळे सुरळीत.

मेकॅनिक याला लिंप मोड म्हणतात. गिअर बदलण्याचा हुकूम देणारे मॉड्यूल, म्हणजे गिअरबॉक्सचा छोटा कॉम्प्युटर, गडबडले की गिअरबॉक्समधल्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची) वीज तोडली जाते आणि एकच ठरलेला गिअर उरतो. गाडी रस्त्यात न राहता कशीबशी घरी यावी, एवढीच ती सोय.

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, पी ०७०० हा कोड निघाला आणि तासाभरात एस्टिमेट हातात पडले: पूर्ण गिअरबॉक्स बदला. रक्कम गाडीच्या किमतीच्या निम्म्याला टेकत होती. आणखी काय तपासले, असे काउंटरवर विचारले तर उत्तर आले, "मॅडम, कोड आलाय ना." आता पी ०७०० चा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी तक्रार नोंदवली आहे. तक्रार कसली, ते त्या कॉम्प्युटरच्या आत शिरून वाचावे लागते. टेलिफोन बंद असल्याची १९८ नंबरवर तक्रार आली म्हणून आम्ही कधी कुणाची अख्खी केबल बदलली नाही.

मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी जे केले ते मी सविस्तर लिहिते, कारण तपासणी म्हणजे काय हे कळायला तेच उपयोगी आहे. त्यांच्या स्कॅनरवर इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये यू ०१०१ हा दुसरा कोड साठवलेला दिसला. म्हणजे गिअरबॉक्सच्या मॉड्यूलशी त्याचे बोलणे मध्येच तुटत होते. गिअरबॉक्समधल्या क्लच-प्लेट झिजल्या तर गिअर घसरतात, पण दोन कॉम्प्युटरमधले बोलणे काही त्याने तुटत नाही. काही गाड्यांत हे मॉड्यूल गिअरबॉक्सच्या आतच असते. आमचे बाहेर, बॅटरीच्या ट्रेजवळ होते. त्यामुळे संशयित मोजकेच उरले: बॅटरी, वायरिंग, अर्थिंग किंवा खुद्द मॉड्यूल.

आधी बॅटरी. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४ च्या आसपास. ठीक. मग मॉड्यूलचा प्लग काढून त्याच्या पॉवर आणि अर्थिंगच्या पिनांवर त्यांनी हेडलाइटचा बल्ब जोडला. नुसते मीटर लावून भागत नाही. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर इमानदारीत १२ व्होल्ट दाखवते, बल्ब मात्र मिणमिणतो. इथे लख्ख पेटला. पावसात हिंदमाता चौकात तुंबणारे पाणी प्लगमध्ये शिरले असेल, अशी माझी शंका होती, पण पिनांवर हिरवट गंज नव्हता आणि उंदरांनीही वायर कुरतडलेली नव्हती. मग बॅटरीची वायर सोडवून स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमधला, म्हणजे कॉम्प्युटर ज्या लाइनवरून एकमेकांशी बोलतात तिचा, रेझिस्टन्स मोजला, तो ६० ओहम. दोन टोकांना १२०-१२० ओहम समांतर असतात, म्हणून एकूण ६०. एक टोक तुटले असते तर १२० दिसले असते. लाइन साफ.

उरले मॉड्यूल. गाडी पार्कमध्ये, इंजिन चालू, स्कॅनर मॉड्यूलशी जोडलेला, अशा स्थितीत त्यांनी मॉड्यूलच्या पेटीवर हेअर ड्रायर धरला. जरा वेळाने स्क्रीनवरचे आकडे गोठले आणि मग नाहीसेच झाले. पंख्याखाली पेटी गार झाली, आकडे परत आले. पुन्हा तापवले, पुन्हा गेले. आतल्या बोर्डावरचा एखादा जॉइंट तडकला असणार. मी स्वतः पेटी घेऊन लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले, पण बोर्ड चिकट जेलमध्ये बुडवलेला होता. दुरुस्तीवाल्याने हात न लावता परत दिला, हे मला आवडले.

त्याच पार्ट नंबरचे जुने मॉड्यूल कुर्ल्यातच भंगारात निघालेल्या गाडीचे मिळाले. ते बसवणे म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह काढा, चार बोल्ट, एक प्लग. खरी अडचण त्यानंतर आली. त्या मॉड्यूलमध्ये जुन्या गाडीचा चासी नंबर होता. आमच्या गाडीसाठी ते कोड करून घ्यावे लागते आणि ते काम कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय अधिकृतपणे होत नाही. सर्व्हिस सेंटर म्हणाले, बाहेरून आणलेला पार्ट आम्ही कोड करत नाही. नवीन मॉड्यूल तुमच्याकडूनच घेते म्हटले, तर म्हणाले सुटे येत नाही, गिअरबॉक्सबरोबरच येते. शेवटी एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि फुटपाथवर बसून त्याने काम केले. बिल नाही, पावती नाही. सॉफ्टवेअर कंपनीकडून घेतलेले नाही, हे त्यानेच हसत सांगितले. आयुष्यभर सरकारी पावतीपुस्तकावर काम केलेल्या बाईला हे रुचले असेल का? पण दुसरे दार उघडेच नव्हते. पुढे तेल गरम झाल्यावर हलक्या पायाने सगळे गिअर चढवत-उतरवत गाडी फिरवावी लागते, म्हणजे बदलून बसवलेले मॉड्यूल क्लचचा दाब शिकून घेते. मुलाने पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर ते केले आणि तेव्हापासून व्हॅन नीट आहे.

कंपन्या म्हणतात, कोडिंग खुले केले तर चोरांचे फावेल. चोरांना ते आजच मिळते आहे, तेही फुटपाथवर. युरोपात २००७ च्या नियमानेच स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देणे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि त्यासाठी वाजवी फी घेण्याची मुभाही ठेवली. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, हेच कारण. पुढे अपिले झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनांचाही समावेश होता. वर्षअखेरीस दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही आले. काउंटरवरच्या मुलाला मी यातले काही सांगितले, तर तो म्हणाला, "ते हेड ऑफिसला विचारा."

हेड ऑफिसला नंतर विचारू. तोवर राज्य सरकारने एस्टिमेटच्या फॉर्मात एवढे तरी घालायला लावावे: सगळे कोड, फक्त पहिला नव्हे, मॉड्यूलच्या प्लगवर बल्बसारखा लोड देऊन मिळालेले व्होल्ट, लाइनचा रेझिस्टन्स, आणि बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याची सही. गिअरबॉक्स बदलायचा असेल तर आतले काय झिजले, तेही लिहा. हे भरायला कुशल मेकॅनिकला अर्धा तास पुरतो. ज्याला पुरणार नाही, त्याने आमच्याकडून लाखांचे काम काढू नये.

आमचे जुने मॉड्यूल मी जपून ठेवले आहे. त्या सर्व्हिस सेंटरच्या इंजिनिअरना तपासून पाहायचे असेल तर अवश्य घरी यावे. स्कॅनर त्यांनी आणावा, हेअर ड्रायर मी देईन.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, परळ