डिपस्टिकचा रंग नव्हे, पातळी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडीची देखभाल घरी कशी करावी यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात एक वाक्य आहे : ‘डिपस्टिकवरचे ऑइल काळे दिसले की लगेच बदला.’ (डिपस्टिक म्हणजे इंजिनातल्या ऑइलची पातळी बघायची पट्टी.) डिझेल गाडीला हा नियम लावला, तर मालकाला अंथरूण गाडीखालीच घालावे लागेल.

मी निवृत्त गणित शिक्षिका. आमच्या डिझेल गाडीचे ऑइल आणि फिल्टर नऊ वर्षे मीच बदलते. पहिल्या खेपेला मीही या रंगाला फसले. मधासारखे ऑइल भरले, दुसऱ्या दिवशी एक चक्कर मारून आले आणि डिपस्टिक पुसली, तर फडके काळेकुट्ट! ऑइल भेसळीचे, असा निकाल देऊन बाईंनी पंधरा दिवसांत दुसरा डबा आणला. तेही काळे झाले. मग कुठे वाचायला बसले. डिझेल जळताना काजळी धरते, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांना चुकवून ऑइलमध्ये उतरते. शिवाय ऑइल सोडायचा तळाचा बोल्ट काढला तरी जुने ऑइल थोडेफार आत राहतेच, आणि नव्याला रंग द्यायला तेवढे पुरते. ती काजळी धातूला न चिकटता तरंगत राहावी म्हणून तर ऑइलमध्ये खास द्रव्ये घातलेली असतात. काळे ऑइल म्हणजे काम करणारे ऑइल. बदलायचे कधी, ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते : इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी भरेल ते.

लेखात पातळीचा उल्लेख आहे तो फक्त ‘कमी होऊ देऊ नका’ एवढाच. वाढली तर? आताच्या डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते, डीपीएफ. ती भरत आली की इंजिन जादा डिझेल फवारून धूर तापवते आणि आतली काजळी जाळते. फेऱ्या छोट्या असल्या की हे जाळणे अर्धवट राहते, पुन्हा पुन्हा सुरू होते, आणि बऱ्याच इंजिनांत न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये मिसळते. मी पातळी वहीत लिहून ठेवते (सवय जात नाही). मध्यंतरी पाच महिने रोज तीनच किलोमीटरची ये-जा होती. पातळी वरच्या खुणेच्याही चार मिलिमीटर वर गेली, डिपस्टिकला डिझेलचा वास. शेजारी म्हणाले, ‘‘वाढलंय ना? मग बरंच की!’’ बरे कसले? पातळ ऑइलाने बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) झिजतात. पातळी फारच चढली तर ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात ओढले जाऊ शकते, आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवरच धावू लागते. मग चावी काढली तरी थांबत नाही. मी त्याच दिवशी ऑइल बदलले, मुदत अर्धीही भरली नव्हती.

लेखातले ‘अर्ध्या तासाचे काम’ हेही तसेच. जॅक गाडी उचलायला असतो. खाली सरकायचे ते पक्के स्टँड लावल्यावरच, हे लेखात हवे होते. आणि फिल्टरची रबरी रिंग! एकदा जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली, मी तिच्यावरच नवा फिल्टर फिरवला. इंजिन सुरू होताच दोन रिंगांच्या फटीतून ऑइलची चिळकांडी. तेव्हापासून काढलेल्या फिल्टरवर रिंग आहे ना, हे बोट फिरवून पाहते, नव्या रिंगेला ऑइल लावते आणि फिल्टर हातानेच आवळते. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा. ऑइल भरताना पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओतायचे, इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचे, पाचेक मिनिटे थांबून सपाट जागी पातळी बघायची आणि मग थोडे थोडे घालायचे. डीपीएफ असेल तर ऑइल कमी राखेचे, पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच. जुने ऑइल त्याच डब्यात भरून, दुसरे काही न मिसळता, संकलनाला द्यायचे, गटारात नाही.

पुढच्या पुरवणीत त्या एका वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा कमी पडली तर पत्र खुशाल कापा, मात्र पातळीचा परिच्छेद राहू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका