मोटारसायकलच्या बुकिंगचे पैसे परत मिळावेत म्हणून : ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : दुचाकीचे बुकिंग रद्द केल्यावर ग्राहकाची आगाऊ रक्कम ठरावीक मुदतीत परत करण्याचे बंधन विक्रेत्यांवर घालण्याबाबत.

महोदय,

दसरा, धनत्रयोदशी, दिवाळीचा पाडवा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया अशा मुहूर्तांवर दुचाकीच्या शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्या घेऊन जी कुटुंबे उभी असतात, त्यांपैकी बहुतेकांनी काही आठवडे आधीच हजार, दोन हजार किंवा पाच हजार रुपये भरून गाडी बुक केलेली असते. गाडी घेतली, तर ही रक्कम ऑन-रोड किमतीतून वजा होते आणि तिची आठवणही कोणाला राहत नाही. गाडी घेतली नाही, तर मात्र ती परत मिळेल की नाही, किती मिळेल आणि कधी मिळेल, हे आज सर्वस्वी शोरूमच्या मर्जीवर अवलंबून आहे. हे पत्र त्या रकमेबद्दल आहे.

माझा भाचा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी पद्धतीने काम करतो. त्याने आमच्या शहरातील एका शोरूममध्ये पाच हजार रुपये भरून मोटारसायकल बुक केली. शोरूममध्येच टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्याने सांगितलेला हप्ता आणि प्रत्यक्षात मंजूर झालेल्या कर्जाचा हप्ता यांत बरेच अंतर निघाले, म्हणून त्याने बुकिंग रद्द करण्याचा अर्ज दिला. तोपर्यंत त्याच्या नावावर कोणत्याही गाडीचा चेसिस क्रमांक (प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावरचा स्वतंत्र क्रमांक) लागलेला नव्हता, विमा उतरवलेला नव्हता आणि आरटीओचा करही भरलेला नव्हता. तरीही दोन हजार रुपये ‘फाइल चार्जेस’ म्हणून कापले जातील, असे त्याला सांगण्यात आले. उरलेल्या तीन हजारांबाबत आधी ‘अकाउंट्सचे साहेब रजेवर आहेत’, मग ‘चेक हेड ऑफिसवरून येतो’ आणि शेवटी ‘रोख परत करता येत नाही, हेल्मेट आणि सीट कव्हर घेऊन जा, अ‍ॅडजस्ट करून देतो’, अशी उत्तरे मिळाली. घेतलेल्या नसलेल्या गाडीचे सीट कव्हर घेऊन त्याने काय करावे, हे कोणी सांगितले नाही.

त्याची पावती मी नीट पाहिली. वर शोरूमचे नाव, मध्ये पेनने लिहिलेली रक्कम आणि गाडीचा रंग, आणि तळाशी जांभळ्या शाईचा एक तिरका शिक्का : ‘बुकिंग अमाउंट परत मिळणार नाही.’ छापील मजकुरात ही अट कोठेही नाही. पैसे घेताना ती वाचून दाखवलेली नाही आणि तिच्याखाली ग्राहकाची सहीही नाही. गाडी अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास शोरूम काय देणे लागते, याबद्दल पावतीवर एक अक्षर नाही.

कर्ज मंजूर न होणे, घरात आजारपण निघणे, डिलिव्हरीची तारीख पुढे पुढे ढकलली जाणे, ठरलेला रंग न मिळणे, अशा कारणांनी बुकिंग रद्द होतच असतात. कधी कारण सरकारी धोरणातूनही येते. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. हा बदल १५ ऑगस्टपासून चर्चेत होता. त्याआधी बुकिंग केलेल्या ग्राहकाला थोडे थांबावेसे किंवा नव्याने विचार करावासा वाटला असेल, तर त्यात वावगे काय होते?

जीएसटीचा उल्लेख आलाच आहे, तर शोरूममधल्या एका ठरलेल्या सबबीचेही सांगतो. ‘तुमच्या बुकिंगवर जीएसटी भरून झाला, आता पैसे कसे परत करणार?’ असे ग्राहकाला ऐकवले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की मालाच्या विक्रीपोटी घेतलेल्या आगाऊ रकमेवर ती रक्कम घेतानाच कर भरण्याची गरज नोव्हेंबर २०१७ च्या अधिसूचनेनेच संपवली आहे. कर लागतो तो गाडीचे बिल फाडल्यावर. शिवाय आगाऊ रक्कम घेऊनही पुढे व्यवहार झालाच नाही, तर परताव्याचे व्हाउचर काढण्याची सोय खुद्द जीएसटी कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. सामान्य माणूस मात्र ‘जीएसटी’ हा शब्द ऐकला की गप्प बसतो.

मूळ कायदाही ग्राहकाच्या बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे किमतीचा काही भाग दिलेला आणि उरलेला देण्याचे कबूल केलेला माणूसही ग्राहकच असतो. याच कायद्याच्या कलम २(४६) मध्ये अनुचित कराराची व्याख्या दिली आहे. करार मोडल्यामुळे समोरच्याचे जे नुकसान झाले, त्याच्याशी अजिबात मेळ नसलेला दंड ग्राहकावर लादणारी अट तिच्यात मोडते. त्याही आधीपासून, भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार, करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात स्पष्ट केले की नुकसानच झालेले नसेल, तर या कलमाच्या आधारे रक्कम जप्त करता येत नाही. मग रबरी शिक्क्याला एवढे वजन कोठून येते?

ते येते रक्कम किरकोळ असण्यातून. पाच हजारांसाठी कोणी वकील करत नाही. हे शोरूमला माहीत असते आणि सगळा व्यवहार त्या भरवशावर चालतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात शुल्क लागत नाही, ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही दाखल करता येते, ही सोय शासनाने केली आहे आणि ती चांगली आहे. परंतु नोटीस, लेखी म्हणणे, पुरावा, युक्तिवाद आणि तारखा हे सगळे रोजंदारीवरच्या माणसाने एकेक दिवसाचे काम बुडवून करायचे असते. तीन हजारांसाठी तो किती खाडे करणार? कायद्यात अशा तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत लावावा असे म्हटले आहे. ‘शक्यतो’ या शब्दावर मी अधिक भाष्य करत नाही.

त्यात आणखी एक अडचण अशी की ‘ही अटच अनुचित करार आहे’, असे म्हणून दाद मागायची असेल, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे जिल्हा आयोगाला तो अधिकारच नाही. त्यासाठी थेट राज्य आयोगाकडे जावे लागते. सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून परताव्याची तक्रार जिल्ह्यात करता येते, हे खरे. पण तेथे एका ग्राहकाला पैसे मिळाले, तरी दुसऱ्या दिवशी तोच शिक्का दुसऱ्याच्या पावतीवर उमटतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून तक्रार पुढे गेल्यावर गाडी बनवणारी कंपनी म्हणते की डीलर हा स्वतंत्र व्यापारी आहे आणि पैसे त्याने घेतले आहेत. तर डीलर म्हणतो की पैसे कंपनीकडे गेले आहेत.

हेच बुकिंग ऑनलाइन झाले असते, तर ग्राहकाच्या हाती निदान एक नेमका नियम असता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे, विक्री करणारी कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द केल्यावर त्याच प्रकारचे शुल्क सोसत नसेल, तर तिला ग्राहकाकडून रद्द करण्याचे शुल्क घेता येत नाही. माझ्या मते या सबंध प्रश्नात इतका न्याय्य आणि सुटसुटीत नियम दुसरा नाही. घरी बसून मोबाइलवर गाडी बुक करणाऱ्याला तो लागू होतो आणि बस पकडून शोरूमपर्यंत जाऊन रोख पैसे मोजणाऱ्याला होत नाही, हा भेद कोणत्या तत्त्वात बसतो?

आपल्याच राज्यात घरखरेदीबाबत याहून पुढचे पाऊल पडले आहे. महारेराने, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, तयार केलेल्या वाटपपत्राच्या नमुन्यात ग्राहकाने पहिल्या पंधरा दिवसांत बुकिंग रद्द केले, तर काहीही कपात नाही आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने मर्यादित कपात, असा तक्ताच दिलेला आहे. लाखो रुपयांच्या सदनिकेबाबत जे ठरवता आले, ते लाखभराच्या मोटारसायकलबाबत ठरवणे अवघड नसावे.

विक्रेत्यांची बाजू मला मान्यच नाही, असे समजू नये. शोरूममधल्या मालावर बँकेचे व्याज चालू असते. मागणीनुसार खास मागवलेला रंग किंवा मॉडेल पडून राहिले, तर नुकसान त्यांचेच होते. आणि सणाच्या तोंडावर एकाच वेळी तीन शोरूममध्ये हजार-हजार रुपये भरून ठेवणारे ग्राहकही असतात. म्हणून सरसकट पूर्ण परतावा मागणे मला रास्त वाटत नाही. रेषा कोठे ओढायची, हा प्रश्न आहे, आणि तिची जागा व्यवहारातच सापडते. ग्राहकाच्या नावावर चेसिस क्रमांक लागेपर्यंत कोणतीही विशिष्ट गाडी त्याची झालेली नसते. माल निश्चित होईपर्यंत मालकी खरेदीदाराकडे जात नाही, असे मालविक्री कायदा, १९३० चे कलम १८ सांगते. तोवर बुकिंग रद्द झाले, तर वेटिंगवरच्या पुढच्या माणसाला त्याची जागा मिळते आणि शोरूमचे बिघडत काही नाही. अशा वेळी संपूर्ण रक्कम परत मिळाली पाहिजे. चेसिस क्रमांक लागल्यानंतर, पण पासिंगपूर्वी, प्रत्यक्ष झालेला खर्च पावत्या दाखवून कापावा. विमा आणि कर भरून गाडीची नोंदणी झाल्यावर ग्राहक मागे फिरत असेल, तर तो वेगळा व्यवहार आहे आणि त्याचा भार त्याने उचलणे योग्य ठरेल. मात्र डिलिव्हरीची लेखी तारीख शोरूमनेच चुकवली असेल, तर गाडी कोणत्याही टप्प्यावर असो, एक रुपयाही कापला जाऊ नये.

हे प्रत्यक्षात आणण्यासाठी आपल्या हाती कोणती साधने आहेत, याचाही विचार मी केला आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे राज्य ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष आपण स्वतः असता आणि तिच्या वर्षातून किमान दोन बैठका व्हायला हव्यात. वर सांगितलेल्या टप्प्यांचा आदर्श बुकिंग-पावतीचा नमुना परिषदेने तयार करावा. त्यात चेसिस क्रमांक लागण्याची आणि डिलिव्हरीची अपेक्षित तारीख, कपातीचा तक्ता, परताव्याची जास्तीत जास्त पंधरा दिवसांची मुदत आणि उशीर झाल्यास व्याज, हे सर्व मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात आणि ग्राहकाच्या सहीसह असावे. ज्या मार्गाने रक्कम भरली त्याच मार्गाने ती परत जावी. हेल्मेट किंवा अ‍ॅक्सेसरीज हा परतावा मानू नये.

हा नमुना देशभर बंधनकारक व्हावा, यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे शिफारस करावी. एका विशिष्ट व्यवसायासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढणे त्या प्राधिकरणाला नवीन नाही. हॉटेलांतील सेवा शुल्काबाबत त्याने जुलै २०२२ मध्ये ती काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उचलून धरली. केंद्राचे उत्तर येईपर्यंत राज्यानेही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम १६ प्रमाणे अनेक ग्राहकांच्या हक्कांचा एकत्रित भंग होत असल्याच्या तक्रारीवरून जिल्हाधिकारी अनुचित व्यापारी प्रथांची चौकशी करू शकतात. प्रत्येक जिल्ह्यात शोरूमच्या पावत्या तपासून पाहिल्या, तरी असा शिक्का किती ठिकाणी मारला जातो, हे कळेल. दर २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या कार्यक्रमांत भाषणे आणि घोषवाक्ये होतात. या वर्षी त्या आठवड्यात ही तपासणी ठेवली, तर दिवस साजरा झाल्यासारखा वाटेल.

दुसरे साधन परिवहन विभागाकडे आहे. दुचाकी विक्रेत्याला आरटीओकडून व्यवसाय प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ते निलंबित किंवा रद्द करण्याचीही तरतूद आहे. परतावा अडवून ठेवणे हे आज त्या कारवाईचे कारण धरले जात नाही. तरी प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाच्या वेळी त्या विक्रेत्याविरुद्धच्या प्रलंबित परताव्याच्या तक्रारींची यादी मागवावी आणि आदर्श पावती वापरत असल्याचे हमीपत्र घ्यावे, एवढे आपण परिवहन मंत्र्यांशी बोलून निश्चित करू शकाल. आयोगाच्या तारखेला न घाबरणारा विक्रेता आरटीओच्या फाइलला घाबरतो, हे या व्यवसायाशी संबंध आलेला कोणीही आपल्याला सांगेल.

भाच्याची तक्रार आम्ही जिल्हा आयोगात रीतसर दाखल करत आहोत आणि तिचा निकाल तेथे लागेल. त्यात आपण लक्ष घालावे, अशी माझी विनंती नाही. राज्य परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर बुकिंग-पावतीचा हा विषय घ्यावा, बैठकीला वाहन विक्रेत्यांच्या संघटनांबरोबर ग्राहक संघटनांनाही बोलवावे आणि जो निर्णय होईल तो विभागाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, ही विनंती आहे.

आपला नम्र,
एक ग्राहक, नाशिक