रात्रीच्या रानातल्या कोळ्यांना मारू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी सोलापूरचा. पावसाळ्यात रात्री शहराबाहेरच्या बाभळीच्या रानात मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) घेऊन किडे-कोळ्यांचे फोटो काढतो. कपाळाला टॉर्च लावला की गवतात हिरवट ठिपके चमकतात, ते लांडगा कोळ्याचे डोळे. परवा अशीच एक मादी दिसली, पाठीवर बारक्या पिल्लांचा नुसता ढीग, मी पोटावर झोपून, श्वास धरून, एफ ११ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक) ठेवून, फ्लॅशला उजेड मऊ करणारा डिफ्युझर लावून फोटो काढत होतो, कारण एवढ्या जवळून एक-दोन मिलिमीटरच शार्प येतं, आणि तेवढ्यात मागून एकजण आला अन् चपलेनं रगडली तिला. म्हणे विषारी असतंय. लई वाईट वाटलं. अहो हा कोळी शिकारीसाठी जाळंसुद्धा विणत नाही, पळत जाऊन किडे धरतो, आपल्या शेतातले पण.

वन विभागानं नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाहेर शाळेच्या पोरांसाठी रात्रीची फेरी ठेवावी ही विनंती, अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळा-हिरवा चमकणारा विंचू लांबून तरी बघू द्या त्यांना. आणि फोटोवाल्यांनीही किडा उचलून दुसऱ्या पानावर ठेवू नये, आहे तिथंच फोटो काढा.

– एक वाचक, सोलापूर