सातबाऱ्यासोबत मातीचा नकाशाही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की आमच्याकडे शेताचे सौदे सुरू होतात. पिकं निघालेली असतात, हातात थोडाफार पैसा असतो आणि घेणाऱ्याला मृगाच्या आधी ताबा पाहिजे असतो. सौदा कसा होतो ते मी तीस वर्षांपासून बघतोय. माणूस सातबारा बघतो, फेरफार बघतो, बोजा आहे का विचारतो, पांदण रस्ता आहे का, विहिरीला मे महिन्यात पाणी किती राहतं, लाईटचं कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, शेजारी कसा आहे, हे सगळं चार-चार वेळा विचारतो. मग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून एक ढेकूळ उचलतो, हातानं फोडतो आणि म्हणतो जमीन काळी आहे, भारी आहे. झालं, इसार देऊन मोकळा. त्या ढेकळाच्या खाली दोन फुटांवर काय आहे हे कोणी विचारत नाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

२०१४ साली मी चांदूर बाजार तालुक्यात चार एकर घेतलं, संत्रा लावायचा म्हणूनच घेतलं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात सहा बाय सहा मीटरवर ४४० च्या आसपास कलमं लागली, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते खालचं मूळझाड) जंबेरी लिंबाचा. पहिली तीन वर्षं बाग अशी की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. चौथ्या वर्षापासून वरच्या दोन एकरातली झाडं वाढत राहिली आणि खालच्या, नाल्याकडच्या दोन एकरातली झाडं जागच्या जागी थांबली. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, मग शेंडे वाळायला लागले, मग बुंध्याला डिंक. दुकानदारानं सांगितलं ते सगळं केलं, फेरस सल्फेट, झिंक, बोर्डो पेस्ट, ड्रेंचिंग (मुळाशी औषध ओतणं), दोन वर्षं पैसा ओतला. फवारणी केली की पंधरा दिवस हिरवेपणा दिसायचा आणि नवीन नवती, म्हणजे पालवी, आली की परत तेच पिवळं.

माझ्याजवळ मृदा आरोग्य पत्रिका होती, म्हणजे सॉइल हेल्थ कार्ड. ती मी कितीतरी वेळा काढून बघितली. सामू (पीएच) थोडा जास्त, सेंद्रिय कर्ब मध्यम, पालाश भरपूर, ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) ठीक. कार्डाच्या हिशोबानं माझी जमीन चांगलीच होती, आणि इथेच माझी चूक झाली, बहुतेकांची इथेच होते. त्या कार्डात बारा गोष्टी असतात, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, ईसी आणि सेंद्रिय कर्ब. पिकाला यावर्षी खत किती टाकायचं यासाठी हे कार्ड कामाचंच आहे, मी त्याला नाव ठेवत नाही. पण जमीन किती खोल आहे, खाली चुनखडी किती, सोडियम किती, पाणी उतरतं की साचतं, यातलं काहीच त्यात नाही. नमुना वरच्या पंधरा सेंटिमीटरचा, वीतभर मातीचा. २०१५ ला ही योजना सुरू झाली तेव्हा नमुने ग्रीड, म्हणजे चौकोन, पाडून घेतले होते, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर, म्हणजे कार्डावर नाव तुमचं असलं तरी माती शेजाऱ्याच्या शेतातली असू शकते. संत्र्याची मुळं वीतभर मातीवर जगत नाहीत हो. फळबाग लावायची तर शून्य ते तीस, तीस ते साठ, साठ ते नव्वद सेंटिमीटर असे वेगवेगळे नमुने द्यायला पाहिजेत आणि सोबत मुक्त चुना, म्हणजे मातीत चुनखडी किती टक्के आहे ते, तपासून मागायला पाहिजे. मागितल्याशिवाय तो आपोआप येत नाही.

शेवटी एका ओळखीच्या निवृत्त कृषी अधिकाऱ्यांनी सांगितलं, बाबा, फवारणी सोड, आधी खड्डा खण. २०२० च्या उन्हाळ्यात जेसीबी बोलावला आणि दोन खड्डे खणले, एक वरच्या भागात एक खालच्या, माणूसभर खोल. वरच्या खड्ड्यात दोन-अडीच फूट भुसभुशीत काळी-तपकिरी माती, त्याखाली नरम मुरूम, बोटानं फुटणारा. खालच्या खड्ड्यात पहिले दीड फूट तर वरच्यापेक्षा देखणी काळी माती. मग जेसीबीवाला पोरगा म्हणाला, काका, पांढरं लागलं. बघतो तर ज्वारीच्या दाण्याएवढे, काही बोराएवढे चुनखडीचे खडे, जसं खाली जाल तसे वाढत जाणारे, आणि त्यांच्यामधली माती इतकी चिकट की बकेटातून सुटेना. तीन-साडेतीन फुटांवर मातीच्या कडा घासून पॉलिश केल्यासारख्या चकचकीत होत्या. अधिकारी साहेबांनी समजावलं की भारी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा आतल्या आत एकमेकांवर घासून अशी चमक येते, आणि झाडाची बारीक मुळं त्यात तुटतात. त्यांनी छोट्या बाटलीतून पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले, खालच्या मातीवर सोडावॉटरसारखा फेस आला, वरच्या खड्ड्यातल्या मातीवर जेमतेम बुडबुडे. मग दोन्ही खड्ड्यांत टँकरनं पाणी सोडलं. सकाळी वरचा खड्डा कोरडा, खालच्यात गुडघाभर पाणी तसंच उभं. दोन वर्षं मी ज्याला रोग म्हणत होतो तो त्या पाण्यात दिसत होता. लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा खालच्या थरात मुक्त चुना सतरा टक्के निघाला. संत्र्याला दहा टक्क्यांच्या वर चुनखडी असलेली जमीन टाळा असं तज्ज्ञ आधीपासून सांगत आलेत, पण मी रिपोर्ट झाडं लावल्यावर पाच वर्षांनी काढला.

यानंतर मला नकाशांचा नाद लागला. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरो ही देशाची माती मोजणारी संस्था आपल्या नागपुरातच आहे, अमरावती रोडवर, आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थासुद्धा त्याच रोडवर. आम्ही संत्र्याच्या गाड्या घेऊन वर्षानुवर्षं त्याच रस्त्यानं गेलो आणि आत काय काम चालतं ते कधी विचारलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. ब्युरोनं महाराष्ट्राचा मातीचा नकाशा कधीचाच केलेला आहे, पण तो १:२,५०,००० या स्केलवर. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीचशे मीटर. माझं चार एकर म्हणजे साधारण १२७ मीटर बाय १२७ मीटर, त्या नकाशावर अर्धा मिलिमीटर, पेनाच्या टोकाचा ठिपका. शिवाय नकाशात एका रंगात एकच माती नसते, रिपोर्टात लिहिलेलं असतं की मुख्य माती ही आणि सोबत ती. माझी वरची दोन एकर आणि खालची दोन एकर एकाच रंगात बसलेली. मोबाईलवर मातीची माहिती देणारी जी ॲप निघालीत त्यातली काही सॉइलग्रिड्स नावाच्या कॉम्प्युटरवरच्या मातीच्या नकाशावर चालतात, त्याचा एक चौकोन अडीचशे मीटरचा, म्हणजे पंधरा एकरांचा, आणि तो आकडा तिथे खणून आलेला नसतो, कॉम्प्युटरच्या मॉडेलनं काढलेला अंदाज असतो. त्यावर भरवसा ठेवून बाग लावू नका, हात जोडून सांगतो.

पण म्हणून नकाशा निरुपयोगी आहे असं नाही. तो खड्डा कुठे खणायचा ते सांगतो. आपल्याकडची माती काळ्या पाषाणापासून झालेली, आणि एकाच गावात माथ्यावर उथळ मुरमाड, मधे मध्यम, नाल्या-नदीकडे खोल काळी अशी उतरत जाते, हे एकदा नकाशात दिसलं की आपल्याच शेताचा उतार वेगळ्या नजरेनं दिसायला लागतो. रिपोर्टातली नावं बघून घाबरायचं नाही. 'लिथिक' लिहिलं असेल तर पन्नास सेंटिमीटरच्या आत कडक खडक आहे. 'व्हर्टिक' किंवा 'व्हर्टिसोल' असेल तर भेगाळणारी चिकण माती, आणि 'सोडिक हॅप्लस्टर्ट' दिसलं तर तिथे सोडियमची भानगड आहे, आपण जिला चोपण म्हणतो ती. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, अशी माती मोठ्या भागात आहे, वरून पाहिली तर काळीभोर आणि आत पाणी उतरत नाही. पुस्तकात सोडियमची मर्यादा पंधरा टक्के सांगतात, पण आपल्या काळ्या मातीत त्यापेक्षा कितीतरी कमी सोडियमनेसुद्धा निचरा बंद होतो. बाहेरगावचा माणूस तिथे स्वस्तात जमीन मिळाली म्हणून खूश होतो, बोअर मारतो, खारं पाणी लागतं, आणि तेच पाणी सोडून जमीन अजून बिघडवतो. नकाशा आधी बघितला असता तर निदान प्रश्न विचारले असते.

आणखी एक गोष्ट मला भूमी अभिलेख कार्यालयात जुने कागद काढताना कळली, ती वाचून मी हादरलो. सातबाऱ्यावर 'आकार' नावाचा रुपये-पैशांचा आकडा असतो, आपण त्याच्याकडे बघतही नाही कारण रक्कम चिल्लर असते. तो आकडा मातीवरून आलेला आहे. १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी पद्धत सुरू केली ती पुढे आपल्या वऱ्हाडातही आली. त्यात क्लासर नावाचा माणूस प्रत्येक सर्व्हे नंबरात फिरून मातीची खोली मोजायचा, पावणेदोन हातांपर्यंत, रंग आणि पोत बघायचा आणि सोळा आण्यांपासून खाली दोन आण्यांपर्यंत प्रत लावायचा. आणि दोष वेगळे नोंदवायचा. चुनखडीचे खडे हा दोष, वाळू हा दोष, उतार हा दोष, पाणी साचणं हा दोष, पाणी आत न मुरणं हासुद्धा दोष, एक दोष निघाला की प्रत एक पायरी खाली. म्हणजे शेतसारा बसवण्यासाठी सरकारनं जे त्या काळात खणून बघितलं ते आम्ही आयुष्याची कमाई घालताना बघत नाही. कोणाला सौदा करायचा असेल तर एक सोपं काम सांगतो, त्याच गावातल्या आजूबाजूच्या चार गटांचा आकार काढा आणि हेक्टरी किती पडतो ते करून बघा. तुमच्या गटाचा आकार शेजाऱ्यांपेक्षा बराच कमी पडत असेल तर कारण शोधा. ती प्रत त्या काळच्या ज्वारी-कापसाच्या हिशोबाची आहे, संत्र्याच्या नाही, हे लक्षात ठेवून बघा. मी काढून बघितलं तर माझा गट शेजारच्या दोन गटांपेक्षा खालच्या प्रतीचा निघाला. तो आकडा माझ्या सातबाऱ्यावर पहिल्या दिवसापासून छापलेला होता.

आता माझी मागणी सांगतो. गटाचे नकाशे सरकारनं महाभूनकाशावर ऑनलाईन टाकलेत, फार चांगलं काम झालं, घरी बसून आपल्या गटाची हद्द दिसते. ब्युरोचं 'भूमी' पोर्टलही आहे. पण हे दोन एकमेकांशी बोलत नाहीत. गट नंबर टाकला की हद्दीखाली मातीचा थर दिसला पाहिजे, १:१०,००० च्या स्केलवर. त्या स्केलला माझं चार एकर सव्वा सेंटिमीटर होतं, अंगठ्याच्या नखाएवढं, त्यात वरचे दोन आणि खालचे दोन एकर वेगळे दाखवता येतात. आणि तो रिपोर्ट मराठीत पाहिजे, आम्ही बोलतो त्या मराठीत, हलकी, मध्यम, भारी, चोपण, चुनखडी, मुरूम, पाणी उतरतं की नाही. इंग्रजी नाव कंसात टाका, हरकत नाही, पण आधी आमचे शब्द. भाऊसाहेब फुंडकर योजनेतून फळबागेला अनुदान मिळतं, ते देण्याआधी शेतात एक खड्डा खणून मातीचा उभा छेद बघितला जावा आणि मुक्त चुन्याचा रिपोर्ट लावला जावा. शेतकऱ्याला हे ओझं वाटेल असं कोणी म्हणेल. जेसीबीचे दोन तास आणि लॅबची फी, माझ्या दोन वर्षांच्या फवारणीच्या एका महिन्याच्या खर्चात हे सगळं झालं असतं.

मागच्या वर्षी माझा भाचा मोर्शीकडे तीन एकर बघत होता. दलाल घाई करत होता, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. आम्ही मालकाला सरळ विचारलं, इसाराच्या आधी एक खड्डा खणू देता का, बुजवून देऊ. मालक तयार झाला, भला माणूस. साडेचार फूट खणलं, चांगला निचरा, चुना जवळपास नाही, ॲसिडला फेस नाही, तेव्हा कुठे त्यानं सौदा केला. ह्या मृगात तिथे कलमं लागतील.

माझ्या खालच्या दोन एकरातली झाडं मी काढली, तिथे आता सोयाबीनमध्ये तूर घेतो, गादीवाफ्यावर, ती बरी येते. वरच्या दोन एकरात आंबिया बहार धरलाय. खालचा खड्डा मी अजून बुजवलेला नाही, कडेनं काटेरी कुंपण केलंय. ज्यांना संत्रा लावायचाय आणि चुनखडी डोळ्यांनी बघायचीय त्यांनी पाऊस पडायच्या आत येऊन बघावं, पाऊस पडला की तो पाण्यानं भरतो आणि दिवाळीपर्यंत रिकामा होत नाही.

आपला,
एक संत्रा उत्पादक शेतकरी
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती