वहिनींची जोडवी

मस्कत, ओमान

तीर्थस्वरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीत तीन वर्षांनी खानापूरला आले, तेव्हा गौरीच्या दिवशी वहिनी साबण लावून जोडवी चढवीत होत्या आणि ती बोटाच्या पेरापाशीच अडत होती. "वयानं अंग भरलं," असे म्हणून त्यांनी ती डब्यात ठेवून दिली. पण त्यांची चप्पलही सहावरून आठ नंबरवर गेली आहे, आणि पंचेचाळिशीत पाऊल वाढत नसते. तुम्ही त्यांना रोज पाहता, त्यामुळे नाक रुंदावलेले, जबडा पुढे आलेला आणि दातांत फटी पडलेल्या तुमच्या लक्षात आल्या नसाव्यात; लग्नातला फोटो शेजारी धरून पाहा.

इथल्या प्रयोगशाळेत मी हार्मोनच्याच तपासण्या करते, म्हणून मनातली शंका स्पष्ट लिहिते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात कधी बारीक गाठ होते आणि ती वाढीचे हार्मोन सोडतच राहते. उंची वाढण्याचे वय सरल्यावर हाडे लांबीला न वाढता जाडीला वाढतात. हेच हार्मोन इन्सुलिनला नीट काम करू देत नाही, म्हणून साखर चढते; रक्तदाब, घाम, घोरणे, हाताच्या मुंग्या हेही त्यातूनच येऊ शकते. या आजाराला ॲक्रोमेगॅली म्हणतात. वहिनींची साखर एका डॉक्टरांकडे, रक्तदाब दुसऱ्यांकडे आणि मुंग्या तिसऱ्यांकडे. तिन्ही फायली कुणी एकत्र पाहिल्या नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

कृपया त्या तिन्ही फायली घेऊन बेळगावला एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या आजारांच्या डॉक्टरांना दाखवा आणि आयजीएफ-१ (वाढीच्या हार्मोनमुळे शरीरात तयार होणारा पदार्थ) या रक्ततपासणीविषयी विचारा. वाढीचे हार्मोन दिवसभर वरखाली होत असल्याने ते एकदाच मोजून काही कळत नाही, आयजीएफ-१ मात्र बराच स्थिर असतो. तो वाढलेला निघाला, तर सहसा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून हार्मोन खाली येते का ते पाहतात, आणि मग एमआरआय करतात. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. पुष्कळदा नाकावाटेच शस्त्रक्रिया करून ती काढतात, आणि काही उरलीच तर इंजेक्शने असतात. जाड झालेली हाडे मागे फिरत नाहीत, म्हणूनच उशीर नको.

आणखी एक. दारातून जाताना चौकटीला खांदा लागतो, असे वहिनी बोलता बोलता म्हणाल्या होत्या. गाठ मोठी झाली तर दृष्टीच्या नसा दाबल्या जाऊन कडेचे दिसेनासे होते, तेव्हा डोळेही त्याच फेरीत तपासून घ्या. भाताची सुगी उरकल्यावर जाऊ, असे कृपया म्हणू नका. पैसे मी सोमवारी पाठवते; रिपोर्ट येताच त्याचा फोटो मला पाठवा.

तुमची,
धाकटी