गोळ्यांची पिशवी गेटवर राहिली : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

मे 2021

महोदय,

सादर नमस्कार. आपलं खातं गेलं सव्वा वर्ष कोणत्या ताणातून जात आहे, हे मी जाणतो. पीपीई किट घालून खान्देशच्या उन्हात उभे राहणारे डॉक्टर, सिस्टर, दारोदारी फिरणाऱ्या आशाताई यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. या पत्रातला एकही शब्द त्यांच्या कष्टाविरुद्ध नाही. पण गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत जे झालं, ते आपल्यापर्यंत जायलाच हवं.

भावाला शाळेत असल्यापासून मिरगी आहे. सकाळ-संध्याकाळ लेव्हेटिरासिटाम आणि रात्री क्लोबाझाम. गोळ्या वेळेवर असल्या की तो केळीच्या बागेत राबतो, मजुरांचा हिशेब ठेवतो, भाचीचा अभ्यास घेतो. गेली काही वर्षं त्याला एकही फिट आली नव्हती. मग ताप आला, चाचणी पॉझिटिव्ह निघाली, आणि आम्ही त्याला तालुक्याच्या कोविड सेंटरला नेलं. गेटवर त्याची पिशवी ठेवून घेतली. त्यात कपडे होते, मोबाईलचा चार्जर होता आणि गोळ्यांची पाकिटं होती. याला फिटचा त्रास आहे, या गोळ्या एक वेळही चुकवायच्या नाहीत, असं मी विनवून सांगितलं. "आत सगळी औषधं मिळतात," एवढंच उत्तर आलं. भरतीच्या कागदावर शुगर आहे का, बीपी आहे का, असे रकाने होते. फिट येते का, असा रकाना नव्हता.

आत त्याला कोरोनाची औषधं मिळाली. त्याची स्वतःची मिळाली नाहीत. अंगात ताप, डोळ्याला झोप नाही आणि गोळ्या बंद. या तिन्हींपैकी एकेका गोष्टीनेही फिट येऊ शकते, हे कुठलाही एमबीबीएस डॉक्टर सांगेल. दुसऱ्या रात्री तो संडासच्या वाटेवर कोसळला. कोरोनाने माणूस तडफडतो आहे असं समजून शेजारचे रुग्ण लांब पळाले. एकाने धीर करून जवळ येऊन त्याच्या दातांत चमचा घातला, त्याने दात तुटला. त्या भल्या माणसावर माझा राग नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला. पाच मिनिटांच्या पुढची फिट आपोआप थांबेल याचा भरवसा नसतो, तेव्हा फिट थांबवणारं औषध, मिडाझोलाम किंवा लोराझेपाम, लागतं. ते तिथे नव्हतं. 108 ची गाडी येऊन त्याला मोठ्या दवाखान्यात पोचवेपर्यंत एकामागून एक झटके येत राहिले. आज तो घरी आहे. कपाळाला टाके आहेत, जीभ चावलेली आहे, आणि संडासला एकटा जायला घाबरतो. आई त्याच्या खाटेशी बसून एवढंच विचारते, "आते काय करो भो?" माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असायला हवं.

हे सगळं टाळता आलं असतं, आणि त्यासाठी ऑक्सिजन प्लांट लागला नसता. घरून आणलेली गोळी रुग्णाच्या तोंडात जाऊ द्यायची होती, एवढंच.

गेल्या वर्षीचंही सांगतो. 24 मार्च 2020 च्या रात्री देश बंद झाला, तेव्हा आमच्या घरात थोड्याच दिवसांच्या गोळ्या होत्या. तालुक्याच्या मेडिकलवर माल नव्हता. भुसावळसारखं जंक्शन दाराशी असून रेल्वे बंद होती. जळगावला जायचं तर पास पाहिजे, आणि चौकात पोलीस विचारणार, पेशंट कुठे आहे? पेशंट घरात आहे आणि तो पेशंट होऊ नये म्हणूनच मी निघालोय, हे त्यांना समजावता समजावता माझा घसा कोरडा पडला. आमचे डॉक्टर भले. त्यांनी फोनवर बोलून व्हॉट्सअपवर चिठ्ठी पाठवली. पण क्लोबाझाम झोपेच्या गोळ्यांच्या गटातली, म्हणून दुकानदार मूळ कागद मागू लागला. तेव्हा आम्ही गोळ्या पुरवून पुरवून दिल्या, रात्रीची अर्धी करून. केळीच्या बागेचं पाणी ऐन उन्हाळ्यात तोडलं तर नंतर कितीही पाणी सोडा, घड भरत नाही. तसंच या गोळ्यांचं आहे. खंड पडला की आधीची वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते, आणि एकदम बंद झाल्या तर न थांबणारी फिट येऊन माणूस जीवाला मुकू शकतो.

केंद्र सरकारच्या एप्रिल 2020 च्या सूचना मी वाचल्या आहेत. रक्तदाब, मधुमेह अशा जुनाट आजारांच्या माणसांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम द्याव्यात, आशाताईंमार्फत घरी पोचवाव्यात, असं त्यात आहे. शेजारच्या काकांना बीपीच्या गोळ्या मिळाल्या, त्याचा मला आनंदच आहे. मिरगीच्या गोळ्यांचं नाव काढलं की आमच्या आरोग्य केंद्रावर उत्तर ठरलेलं : यादीत नाही. पहिली लाट ओसरल्यावर तालुक्याच्या बैठकीत एका अधिकाऱ्याने आम्हाला शब्द दिला होता की पुढच्या वेळी मिरगीच्या माणसांची नावं लिहून घेऊ, गोळ्या केंद्रावर ठेवू. पुढची वेळ आली आणि गेली. नाव लिहायला कोणी आलं नाही.

किती माणसं आहेत, हे तरी तुमच्या खात्याला माहीत आहे का? जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून 2011 च्या जनगणनेत साधारण 79 लाख लोक होते. हजारी पाच जणांना मिरगी धरली तरी 40 हजारांच्या आसपास माणसं होतात. हा हिशेब माझा, वहीवर मांडलेला. तुमच्याकडे नोंदवही असेल तर ती काढा आणि मला खोटं ठरवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट उपचार मिळाले तर शंभरातले सत्तर जण फिटशिवाय जगू शकतात. म्हणजे आमच्या तीन जिल्ह्यांतले 28 हजार लोक केवळ गोळ्या वेळेवर मिळाल्या तर शेतात, शाळेत, कारखान्यात उभे राहू शकतात.

धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे जा. ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन ओपीडीवर, डॉक्टरांशी बोला, असं तुम्ही टीव्हीवर सांगता. सातपुड्यात कितीतरी पाड्यांवर फोनला रेंज मिळवायची तर टेकडी चढावी लागते. फिट येणाऱ्या पोरीला घेऊन टेकडी चढायची का? मग ते भगताकडे जातात. आमच्याकडे अजून चप्पल हुंगवतात, हातात किल्ल्या देतात, पोरीचं लग्न जमेना म्हणून आजार लपवतात. मिरगी हे लग्न मोडायचं कारण हिंदू विवाह कायद्यातून 1999 सालीच काढलं गेलं, पण हे गावात सांगायला कोण आलं?

लसीचंही तेच. 1 मार्चपासून 45 ते 59 वयाच्या सहव्याधीवाल्यांना लस सुरू झाली, त्या यादीत मिरगी नव्हती. 1 मेपासून 18 च्या पुढच्यांना सुरू झाली, आणि मेच्या मध्यावर डोस कमी पडले म्हणून राज्याने ती थांबवली. मधल्या दिवसांत आमच्या ओळखीतल्या एका मुलीला केंद्रावरून परत पाठवलं, कारण "तुला फिट येते". मिरगी असणं हे लस नाकारायचं कारण नाही, असं या आजारावर काम करणारे जगभरचे तज्ज्ञ सांगत आहेत. लसीनंतर ताप आला तर ताप उतरवायची गोळी द्या, रोजची गोळी चुकवू नका, एवढंच त्या मुलीला सांगायला हवं होतं.

आता मी मोकळं बोलतो. हा प्रश्न मिरगीचा एकट्याचा नाही. जून 2020 मध्ये जळगावात 82 वर्षांची आजी कोविड रुग्णालयातून बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात मृतावस्थेत सापडली. तेव्हा जिल्ह्यात कोरोना रुग्णांचा मृत्युदर दहा टक्क्यांच्या वर गेला होता. निलंबनं झाली, चौकशा झाल्या. त्यातून आम्ही काय शिकलो? आत गेलेल्या माणसाकडे पाहायला आत कोणी असावं लागतं, हेसुद्धा शिकलो नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने देशाच्या सकल उत्पन्नाच्या (जीडीपी) अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू म्हटलं होतं, आपण अजून त्याच्या निम्म्यापाशी घुटमळतोय. महात्मा फुले योजनेत दवाखान्यात भरती झालात तर पैसे मिळतात. भरती व्हावं लागू नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीला त्यात पैसे नाहीत. माणूस पडला की सरकार धावणार, तो पडू नये म्हणून काही करणार नाही, ही कुठली रीत?

आणि करता येत नाही असं सांगू नका. आमच्याच खान्देशातल्या नंदुरबारमध्ये जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसरी लाट येण्याआधी ऑक्सिजनचे प्रकल्प उभे केले. देश सिलिंडरसाठी धावत होता तेव्हा त्या आदिवासी जिल्ह्यात ऑक्सिजन होता.

तिसऱ्या लाटेची तयारी चालू आहे म्हणता, तर त्यात हे घाला. भरतीच्या कागदावर फिटचा रकाना हवा, आणि रोजच्या गोळ्या रुग्णाजवळच राहतील असा लेखी आदेश प्रत्येक सेंटरला हवा. कोणती गोळी चालू आहे हे विचारणं उपचारासाठीही गरजेचं आहे, कारण फेनिटोइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन या मिरगीच्या गोळ्या घेणाऱ्याच्या अंगात कोरोनात देतात त्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा असर कमी पडू शकतो. वॉर्डात मिडाझोलाम ठेवा. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, हे वॉर्डबॉयपासून सगळ्यांना शिकवा. त्याला एक दुपार पुरते. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर तीन महिन्यांच्या गोळ्या, बीपीवाल्यांना देता तशा.

भावाची सध्याची पाकिटं पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला संपतात. त्या दिवशी सकाळी मी आमच्या आरोग्य केंद्राच्या खिडकीवर जाऊन गोळ्या मागणार आहे. "यादीत नाही" हे उत्तर पुन्हा मिळालं, तर ते कोणाच्या आदेशाने, हे मला सही-शिक्क्यानिशी लेखी हवं आहे.

आपला,
एका मिरगीग्रस्ताचा मोठा भाऊ
जिल्हा जळगाव